घासून काढलेले तारे

लोखंड घासून चकचकीत करून मागणारं गिऱ्हाईक दुकानात आलं की आजही माझं डोकं तापतं. ठासणीची बंदूक असो, बाराबोर असो, नाहीतर आजोबांच्या काळातलं विलायती रिव्हॉल्व्हर असो, यांना ते लग्नातल्या समईसारखं दिसायला हवं असतं. अरे बाबांनो, ते शस्त्र आहे. कोणत्या कारखान्यात बनलं, कोणत्या साली बनलं, कोणत्या घाईत बनलं, हे सगळं त्याच्या अंगावर कोरलेलं असतं. ते घासलं की ते मुकं होतं. हे मी आता ओरडून सांगतो, लोक मला तिरसट म्हणतात, म्हणू देत. ज्या वर्षी ओरडायला पाहिजे होतं त्या वर्षी मी तोंड मिटून घासत बसलो होतो, आणि त्याची शिक्षा माझ्या बहिणीने भोगली.

आमचं घर सेलूचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचा मळा आणि त्याला लागून घर. बाबा फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका सांभाळणारे आणि दुरुस्त करणारे. शेवटची काही वर्षं पुलगावला काढून ते निवृत्त झाले आणि वर्ध्याला त्यांनी शस्त्रदुरुस्तीचं लायसन घेऊन एक लहानसं दुकान टाकलं. नव्वदच्या सुमारास मीही त्यांच्या हाताखाली बसू लागलो. रोज सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. गिऱ्हाईक म्हणजे रानडुकरांपायी बंदूक बाळगणारे शेतकरी, बँकेचे चौकीदार, आणि वर्षातून एखादा व्यापारी, ज्याच्या घरी इंग्रजांच्या काळातलं रिव्हॉल्व्हर असायचं.

ही रिव्हॉल्व्हरं बाबांची आवडती. ते म्हणायचे, बाराबोर पाहून तिचा मालक कळतो, पण हे पाहून लढाई कळते. दुसऱ्या महायुद्धात विलायतेच्या सरकारने एकाच नमुन्याची रिव्हॉल्व्हरं आपल्या कारखान्यातही बनवली आणि ठेका देऊन इतर कारखान्यांकडूनही बनवून घेतली. वरवर पाहिलं तर सगळी सारखी, मधून मोडणारी, सहा गोळ्यांची. पण कुठे शिक्का वेगळा, कुठे मुठीचं लाकूड वेगळं, कुठे कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले, कारण लढाई तोंडावर आलेली आणि गुळगुळीत करत बसायला कोणाला वेळ नव्हता. गोळ्यांच्या चकरीखाली, उजव्या अंगाला नमुन्याचा आकडा असायचा, आणि पुढे कधी कधी बारीक तारा. तारा नसेल तर घोड्याला मागे अंगठा टेकवायला शेपटी असते. रणगाड्यात बसणाऱ्यांच्या कपड्यांत ती शेपटी अडकायची, म्हणून ती छाटली, आणि त्या मालावर तारा मारला. असं रिव्हॉल्व्हर अंगठ्याने चढवता येत नाही. चाप शेवटपर्यंत ओढायचा, तेव्हाच घोडा मागे जाऊन आपटतो, आणि त्याला जोर लागतो.

आणखी एक गोष्ट बाबांनी मला शिकवली होती. या नमुन्याच्या पोटात एक अडसर असतो. चाप ओढल्याशिवाय घोडा गोळीपर्यंत पोचूच नये म्हणून बसवलेला लहानसा तुकडा. त्यामुळे ते हातातून निसटून पडलं तरी उडत नाही. हे वाक्य मी पाढ्यासारखं पाठ केलं होतं आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्या ऐटीत म्हणून दाखवायचो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा माणूस कसा असतो हे बघायचं असेल तर त्या काळातला मी बघायला हवा होतो.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिला आर्वीकडच्या एका गावात दिली होती. घर व्यापाऱ्याचं, सरकी-कापसाचं, दोन मजली, दारात जीप. फौजी माणसाच्या मुलीला असं स्थळ मिळालं म्हणून आमच्याकडे सगळे हुरळून गेले होते. त्या घरात एक रिव्हॉल्व्हर होतं. ताईच्या सासऱ्यांच्या वडिलांनी ते परत जाणाऱ्या कोणा गोऱ्या साहेबाकडून घेतलेलं. उभ्या हयातीत त्यातून कोणी माशीही मारली नव्हती. पण गावात तेवढं एकच रिव्हॉल्व्हर, त्यामुळे घरातल्या लोकांची मान जरा ताठच असायची.

खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. पाटावर लाल कापड, कापडावर रिव्हॉल्व्हर, त्याला हळदकुंकू, झेंडूची फुलं. शेजारी तराजू, कोयता, जीपचे पाने. इथपर्यंत ठीक. आम्हीही दुकानात कानशी-पक्कड पुजतो. पण त्या घराची एक वेगळी रीत होती. शस्त्र उपाशी ठेवून पुजायचं नाही. उपाशी शस्त्र पुजलं तर घरात उपास येतो म्हणे. म्हणून पूजेच्या दिवशी चकरीच्या सहाही घरांत गोळ्या भरायच्या, आणि सीमोल्लंघन करून आल्यावर दुसऱ्या दिवशी काढायच्या. भरलेलं रिव्हॉल्व्हर रात्रभर आणि दिवसभर पाटावर पडलेलं असायचं, बायका-मुलं त्याच्या भोवती वावरायची. मला हे ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला कळलं होतं. मी हसलो होतो. रागवायला हवं होतं, पण मी हसलो होतो.

पुढच्या वर्षी दसऱ्याला आठवडा असताना ताईचे सासरे जीप घेऊन दुकानात आले. बाबा तापाने घरी होते. मी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, मुलीकडचा माणूस जितका वाकतो तितका वाकलो.

त्यांनी फडक्यातून रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं. "बापू, हे असं काळंठिक्कर नाई पुजत या वर्षी. असं चमकव का आरशासारखं तोंड दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "मामाजी, याचा रंगच असा असते. फौजी मालाले चमक देत नाईत."

"आता कुठं फौजेत हाय ते? माह्या घरात हाय. लायसनचा नंबर तेवढा राहू देजो, बाकी सप्पा घासून टाक."

लायसनचा नंबर डाव्या अंगाला होता. तो मी राखला, कारण तो मिटला तर पोलीस मला धरतील एवढी अक्कल होती. उजव्या अंगाला चकरीखाली जुन्या तेलाची आणि कुंकवाची काळी पुटं बसली होती. त्याखाली अक्षरं होती, आकडा होता, काही ठिपके होते. घोड्याची शेपटी छाटलेली दिसत होती, म्हणजे ताऱ्याचं, एवढं मी ओळखलं आणि स्वतःवर खूश झालो. तारे किती आहेत हे बघायला दोन मिनिटं लागली असती. रॉकेलचा बोळा फिरवायचा आणि भिंग धरायचं, बस. मी तो बोळा फिरवला नाही. पॉलिश पेपरने घासलं, मग बफच्या चाकावर धरलं, आणि तासाभरात सगळं सपाट. पोट उघडून पाहिलं नाही, कारण आतलं काम कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी तेलाचा हात फिरवून मी ते त्यांना दिलं तेव्हा त्यांनी खरोखर त्यात आपला चेहरा पाहिला आणि मिशी सारखी केली. मी मजुरीही घेतली नाही. नात्यातलं काम ना!

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी पूजा झाल्यावर ताई देवघरातला पाट उचलून कोनाड्याकडे सरकवत होती, कारण रांगोळीवरून लोक ये-जा करत होते. तेल लावलेलं, आरशासारखं गुळगुळीत रिव्हॉल्व्हर पाटावरून घसरलं आणि शहाबादी फरशीवर उलटं, घोड्यावर पडलं. पडताक्षणी उडालं. दाराकडे तोंड करून भाऊजी, ताईचा नवरा, चपला घालत होते. गोळी त्यांच्या पोटरीतून आरपार गेली.

हे ताईने सांगितलेलं. त्या दिवशी सांगितलं, नंतर पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी एकाच शब्दांत सांगितलं.

भाऊजींना आधी आर्वीला आणि तिथून वर्ध्याला आणलं. गोळीची जखम म्हटल्यावर पोलीस येणारच. आणि इथे त्या घराने आपला खरा रंग दाखवला. भरलेलं शस्त्र उघड्यावर ठेवलं हे कबूल केलं असतं तर लायसन गेलं असतं. तीन पिढ्यांची मिरवायची वस्तू गेली असती. मग काय करायचं? सासूने जबाब दिला की सुनेचं आणि मुलाचं सकाळपासून भांडण सुरू होतं, सुनेने रिव्हॉल्व्हर उचललं, अंगठ्याने घोडा चढवला आणि झाडलं. सासऱ्यांनी मान डोलावली. गोळ्या कोणी भरल्या? सुनेनेच, कपाटातून काढून. भाऊजी म्हणाले, माझी पाठ होती, मला काही दिसलं नाही. दीड वर्ष जिच्या हातचं जेवला, तिच्याबद्दल हा माणूस एवढंच बोलला! लायसन वाचावं म्हणून त्या लोकांनी सून देऊन टाकली. एखाद्याने जुनी सायकल द्यावी तशी दिली.

जमानत करून आम्ही ताईला सेलूला आणलं. आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ताई ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि मी तिच्यासमोर उकिडवा बसून पहिला प्रश्न विचारला.

"ताई, घरच्या लोकायसमोर हायेस. खरं सांग. चाप ओढला का?"

ती म्हणाली, "मी चापाले हात बी नाई लावला. पाट उचलला, ते सरकलं अन् पडलं. पडल्या पडल्या उडालं."

"पडून ते उडत नसते वो. त्याच्या पोटात अडसर असते."

"मले नाई माहीत पोटात काय असते. मी सांगून राह्यली काय झालं ते."

बाबा खाटेवरून ऐकत होते. त्यांचा ताप उतरला होता, पण डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते. त्यांनी मला विचारलं, "तारे किती होते?"

आता सांगतो, त्या क्षणाला मी आयुष्यातलं सगळ्यात हलकट उत्तर दिलं. न बघता घासलं असं म्हटलं असतं तर बाबांनी मला उभं सोललं असतं. मी म्हटलं, "एक."

बाबांनी मान खाली घातली. एक तारा म्हणजे आत अडसर आहे. अडसर आहे म्हणजे मुलगी खोटं बोलते आहे. त्यांनी तिला कधी तसं म्हटलं नाही, पण त्यानंतर तिच्याशी बोलताना ते दुसरीकडे बघायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प राहिलो.

ठाण्यात मला बोलावणं आलं. आसपास शस्त्र दुरुस्त करणारा मीच, शिवाय शेवटचं काम माझ्याच हातचं. मला वाटलं, आता सासूचं खोटं तिच्या घशात घालतो. रिव्हॉल्व्हर मला लांबून दाखवलं, सीलबंद वस्तू उघडायची परवानगी नव्हती. मी छाती काढून म्हटलं, "साहेब, याचा घोडा अंगठ्यानं चढूच शकत नाही. शेपटीच नाही त्याला. जबाब खोटा आहे."

ठाणेदार म्हणाला, "मग उडतं कसं?"

"चाप शेवटपर्यंत ओढला तरच उडतं. चांगला जोर लागतो."

"म्हणजे चुकून उडणार नाही?"

"नाही."

"पडून?"

"या नमुन्यात पडून उडत नाही."

त्याने ते सगळं लिहून घेतलं आणि मला सही करायला सांगितली. मी सही केली. बाहेर येऊन पानठेल्यावर उभा राहिलो तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. अंगठ्याने चढवून चुकून सुटलं असं तरी कोणी म्हणू शकलं असतं. मी ती फटही बुजवली होती. जोर लावून, शेवटपर्यंत, जाणूनबुजून चाप ओढल्याशिवाय हे उडत नाही, असं तिच्या सख्ख्या भावाने, जाणकाराने, सही करून दिलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो मीच. सरकारी पक्षाला दुसऱ्या साक्षीदाराची गरजच उरली नाही. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लागलं ते माझ्या सहीनंतर.

मी जबाब बदलायला गेलो नाही. बदलून काय सांगणार होतो? माझ्या समजुतीप्रमाणे मी खरंच बोललो होतो, आणि ताई खोटं बोलत होती.

पुढची दोन वर्षं मला आठवली की अंगाची लाही होते. ताई मळ्यात राबायची. पहाटे सांभाराच्या जुड्या बांधायची, मंगळवारच्या बाजारात स्वतः टोपली घेऊन बसायची. बाया भाजी घेता घेता एकमेकींना कोपराने खुणवायच्या. "थेच का वो नवऱ्याले गोळी मारनारी?" एकीने तर तिला तोंडावर विचारलं होतं, काऊन मारली बाई, दारू पेत होता का? ताईने तिला वांगी मोजून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. संध्याकाळी मात्र रिकामी टोपली एवढ्या जोरात आपटली की तिचं कामट्यांचं बूड निघालं. तारखांना ती वर्ध्याला यायची. मी बरोबर जायचो. बसमध्ये मी तिला समजावायचो की वकील म्हणतो तसं रागाच्या भरात झालं असं कबूल कर, शिक्षा कमी होईल. हे मी एकदा नाही, चार-पाच वेळा म्हटलं.

रिव्हॉल्व्हर सरकारी तपासणीला जाऊन आलं होतं. विचारलेला प्रश्न एवढाच होता की गोळी यातूनच सुटली का आणि हत्यार चालू आहे का. दोन्हींचं उत्तर हो. जे विचारलं नाही त्याचं उत्तर कोण देणार?

आणि मग दोन वर्षांनी, दोन हजार साल उलटलं होतं तेव्हा, एका हिवाळ्यात सेलूचाच एक म्हातारा सुभेदार दुकानात आला. त्याच्याकडे तेच रिव्हॉल्व्हर, तोच नमुना. फरक एवढाच की त्याने ते कधी घासलं नव्हतं. काळं, खरबरीत, जसं फौजेतून आलं तसं. चकरी अडकते अशी तक्रार होती. मी रॉकेलचा बोळा फिरवला, भिंग धरलं. आकड्यापुढे दोन तारे होते.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, याले दोन तारे हायेत. हे काय असते?"

बाबांना तोपर्यंत फारसं दिसत नव्हतं. त्यांनी ते हातात घेऊन त्या जागेवर अंगठा फिरवला, दोनदा फिरवला. मग म्हणाले, "पोट उघड."

मी बाजूची पट्टी सोडली. बाबांनी बोट आत घातलं आणि म्हणाले, "नाई हाय."

"काय नाई?"

"अडसर. लढाईच्या घाईत काढून टाकला होता हा. तेवढंच एक काम कमी, तेवढीच जास्त पिस्तुलं. मंग ती पडून उडाले लागली. लढाई सरल्यावर सगळी वापस बोलावली, अडसर बसवला, तारा खोडला. जी हाती नाई लागली ती अशीच राह्यली. म्हनून तं मी तुले इचारलं होतं त्या दिवशी."

दुकानात सुभेदार बसला होता, चहावाला उभा होता. मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "बाबा, मी पाह्यलेच नव्हते तारे. तसंच घासून टाकलं."

बाबांनी हाताने माझा चेहरा चाचपला, नीट अंदाज घेतला, आणि थोबाडीत दिली. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. सुभेदाराने चहाचा पेला खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. बाबा रडत होते. "दोन वर्स मी माह्या पोरीले लबाड समजलो," एवढंच ते परत परत म्हणत होते. मला ती थोबाडीत कमी वाटली.

वकिलाने अर्ज केला. रिव्हॉल्व्हर पुन्हा तपासावं, आणि या वेळी प्रश्न नेमका विचारावा. सरकारी तज्ज्ञ साक्षीला आला, आणि न्यायाधीशांनी त्याला समोरच हत्यार उघडायला सांगितलं. त्याआधी मला पिंजऱ्यात उभं केलं होतं. सरकारी वकील चष्म्यावरून बघत म्हणाला, "म्हणजे ओळखीची खूण तुम्हीच घासून काढली?"

"हो."

"आणि नंतर तुम्हीच सही करून सांगितलं की हे पडून उडत नाही. कशाच्या आधारावर?"

"आधार नव्हता," मी म्हटलं. मागे कोणीतरी हसलं. त्या हसणाऱ्याचा मला राग आला नाही, आणि ज्याचा मला राग आला नाही असा त्या दिवशी तो एकटाच माणूस होता.

तज्ज्ञाने पट्टी काढली, टॉर्च मारला, आणि न्यायाधीशांसमोर नेऊन दाखवलं. जिथे तुकडा असायला हवा तिथे नुसती पोकळी होती. वरच्या लोखंडात आपली मिशी बघणाऱ्या माणसाला कधी कळलंच नव्हतं की तीन पिढ्या आपण घरात काय पुजत होतो. तज्ज्ञ म्हणाला, हे घोड्यावर पडलं तर उडू शकतं. आरोपी म्हणते तसं घडणं पूर्णपणे शक्य आहे. पुढच्या तारखेला ताई निर्दोष सुटली.

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली ताईचे सासरे आमची वाट बघत उभे होते. मागे भाऊजी, जरासे लंगडत. माफी वगैरे काही नाही. त्यांनी ताईला म्हटलं, "चाल पोरी, जीप आनली हाय. झालं गेलं. पिस्तुलाचाच दोष निघाला, आता तुह्यावर कोनाचा राग नाई." आणि माझ्याकडे वळून, अगदी घरगुती आवाजात, "बापू, कोर्टातून मोकळं झालं का तो आतला तुकडा बसवून देजो. दसऱ्याच्या आंधी जमते का पाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई बोलली. दोन वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"तुमचा राग नाई म्हन्ता मामाजी. माहा हाय. अन् तो जीपमंदी नाई मावत."

ती वळून चालायला लागली. भाऊजींकडे तिने पाहिलंही नाही. मी तिच्या मागे धावलो. मला आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता, की शेवटी मीच ते शोधून काढलं. बसस्टँडजवळ तिला गाठून मी म्हटलं, "ताई, सुटलो वो एकदाचे! पाह्यलं नं, आत अडसरच नोयता."

ती थांबली. "आता तुले खरं वाटते?"

"हाव."

"मी त्या दिवशी ओट्यावर बसून हेच सांगतलं होतं. एक शबद बदलला नाई मी. ते लोक परके, त्याईचं सोड. तू माह्या पाठचा. तुले माह्या तोंडावर इश्वास नाई आला, लोखंडाचं पोट फाडलं तवा आला."

"ताई, मी चुकलो. तारे पाहाले पाह्यजे होते मी."

"ताऱ्याचं नाई बोलून राह्यली मी." तिचा आवाज खाली आला होता, आणि तो जास्त लागला. "आत तुकडा निघाला असता तरी मी खरंच बोलत होती. तवा तू मले जेलात जाऊ देलं असतं."

मी तिला जेलात जाऊ दिलं असतं, असं ती म्हणाली, आणि मी दिलंच असतं. तारखेला जाता-येता बसमध्ये मी तेच तर तिला सांगत होतो, कबूल कर म्हणून.

सेलूची गाडी लागली. ताई आधी चढली आणि पुढे बायकांच्या सीटवर जाऊन बसली. मी मागच्या दाराशी उभा राहिलो. कंडक्टर तिच्यापाशी आला, माझ्याकडे हात दाखवून दोन देऊ का म्हणाला. आम्ही रोजचे, तो ओळखायचा.

ताई म्हणाली, "एकच द्या."